पहिल्या अकेडियन वसाहतकाराचा आणि त्याच्या कुटुंबाचा माग कसा काढायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकेडियन घराण्यांबद्दल जे मेसेज येतात त्यात तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून सगळे एका जागी लिहून काढलेत. विचारणारे बरेच जण कॅनडात नाहीतर अमेरिकेत राहणारे, सुनेच्या माहेरचं किंवा जावयाचं आडनाव लब्लां, बुर्जवा, त्राहां असं काहीतरी, आणि आता नातवंडांसाठी दोन्हीकडची वंशावळ लिहायला बसलेत. काहींना नुसतीच इतिहासाची ओढ आहे. उदाहरण म्हणून सगळीकडे एकच माणूस घेतलाय, ग्वीयोम त्राहां, म्हणजे उत्तरं हवेत राहणार नाहीत. प्रश्नांना नंबर दिलेत, एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला की नंबर सांगितलाय.

१. अकेडिया म्हणजे नक्की कुठे? नकाशात सापडत नाही.

आजच्या नकाशात त्या नावाचा देश किंवा प्रांत नाहीये. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचे नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक, प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि अमेरिकेच्या मेन राज्याचा थोडा भाग, एवढ्या पट्ट्याला फ्रेंच लोक अकेडिया म्हणायचे. १६०४ साली द्युगा द मों आणि शांप्लें यांनी सेंत-क्रुआ बेटावर मुक्काम टाकला, तो हिवाळा भयंकर गेला, १६०५ मध्ये मंडळी पोर्ट-रॉयलला हलली. पण ही जमीन रिकामी नव्हती हे पहिल्यापासून लक्षात ठेवा, हा मिकमॅक लोकांचा मुलूख होता आणि त्यांच्याशी चांगले संबंध होते म्हणूनच फ्रेंच तिथे टिकले.

आणखी एक, १६०५ चे लोक म्हणजे आपले पूर्वज असं समजू नका. तो सगळा पुरुषांचा तळ होता, १६१३ मध्ये इंग्रजांच्या सॅम्युएल आर्गलने पोर्ट-रॉयल जाळलं, मग काही वर्षं स्कॉटिश लोक येऊन बसले, आणि १६३२ च्या तहानंतर इझाक द राझिली माणसं घेऊन ला एव्हला उतरला तेव्हा कुठे घरंदारं करून राहणारी वस्ती सुरू झाली.

२. केबेकचे (म्हणजे क्वेबेकचे) फ्रेंच आणि अकेडियन एकच ना?

नाही. वसाहती वेगळ्या, सरकारी कागद वेगळे, घराणी बहुतेक वेगळी. केबेकची चर्च रजिस्टरं जवळजवळ सलग मिळतात, अकेडियाची तुटक आहेत (प्र. १३). १७५५ मध्ये ब्रिटिशांनी अकेडियन लोकांना हद्दपार करायला सुरुवात केली (प्र. १७), त्यानंतर बरेच जण केबेकला गेले, त्यामुळे पुढच्या पिढ्या तिथे सापडतात आणि मग लोकांना वाटतं मूळ पण तिथलंच.

३. उदाहरणाला ग्वीयोम त्राहांच का घेतलाय? तो काही मोठा माणूस होता का?

लोहार होता. कागदात त्याचा धंदा म्हणजे कुऱ्हाडी, विळे असली धारेची हत्यारं बनवणारा असा लिहिलाय. घ्यायचं कारण एवढंच की १७ व्या शतकातल्या साध्या कारागिराच्या मानाने त्याचे कागद खूप चांगले सापडतात आणि ते वेगवेगळ्या प्रकारचे आहेत:

१६२७, फ्रान्समध्ये शिनों गावच्या सेंत-एत्येन चर्चमध्ये १३ जुलैला फ्रांस्वाज कोर्बिनोशी लग्न. १६३६, ला रोशेलहून निघालेल्या जहाजाच्या यादीत बायको, दोन मुलं आणि एक नोकर यांच्यासकट नाव. १६५४, पोर्ट-रॉयल इंग्रजांच्या ताब्यात गेलं त्या शरणागतीच्या करारात गावकऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून नाव. १६७१, खानेसुमारीत दुसरी बायको आणि तीन लहान मुलगे.

चार कागद आणि मधे साधारण चव्वेचाळीस वर्षं. कागद हातात आहे तेवढं नक्की, दोन कागदांच्या मधलं सगळं अंदाज, आणि अंदाज असेल तर तसं लिहून ठेवायचं. पूर्ण शोधकामाची शिस्त हीच आहे आणि मी तिच्याबद्दल हट्टी आहे, कारण चुकीचा अंदाज एकदा ट्रीमध्ये गेला की पुढे शंभर लोक तो खरा म्हणून कॉपी करतात.

४. सुरुवात कुठून करायची? डायरेक्ट १६३६ पासून खाली येऊ का?

वरून खाली येऊ नका. घरातल्या जिवंत माणसापासून मागे जा, एकेक पिढी, प्रत्येक पिढीला जन्म, लग्न, मृत्यू यातला निदान एक तरी कागद. त्राहां आडनावाची माणसं आज हजारोंनी आहेत, वरून खाली आलात तर कुठल्या फांदीवर उतरताय तेच कळणार नाही. मागे मागे जात १७१४ च्या आसपास पोचलात की काम एकदम सोपं होतं, कारण तिथून मागची सगळी घराणी स्टीफन व्हाइट यांनी त्यांच्या अकेडियन घराण्यांच्या कोशात लावून ठेवलीत (१९९९, माँक्टन विद्यापीठाचं अकेडियन अभ्यास केंद्र, दोन खंड, १६३६ ते १७१४). अवघड पट्टा असतो १७५५ ते १८०० चा, त्यासाठी प्र. १७.

५. १६३६ च्या जहाजाच्या यादीत आमचा पूर्वज असणारच ना?

बहुतेक नसणार, आणि त्याने निराश व्हायचं कारण नाही. त्या जहाजाचं नाव सें-जां, ते १६३६ च्या १ एप्रिलला ला रोशेलहून निघालं. त्या काळात बाकीची जहाजंही माणसं घेऊन गेली पण कुटुंबं असलेली तपशीलवार प्रवासी यादी आपल्यापर्यंत आली ती एवढीच. म्हणजे १६७१ च्या खानेसुमारीत दिसणारी बरीचशी घराणी कुठल्या जहाजाने आणि कधी आली याचा कागदच नाही. ट्रीमध्ये "१६३२, राझिलीबरोबर आगमन" असं ठोकून लिहिलेलं दिसलं की विचारा, कशावरून?

यादीत कोण आहे तेही बघण्यासारखं आहे. शेतमजूर, सुतार, मिठागरावर काम करणारे लोक, काही सरदार घराण्यातली मंडळी. कुटुंबकबिला घेऊन निघालेले अगदी मोजके, त्यात त्राहां आणि प्येर मार्तां. यादीत नाव असलेले पुष्कळ जण करार संपल्यावर फ्रान्सला परत गेले, त्यामुळे यादीत आडनाव जुळलं म्हणजे पूर्वज सापडला असंही होत नाही.

६. फ्रान्समधलं मूळ गाव कसं शोधायचं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि खरं उत्तर असं की बऱ्याच घराण्यांचं गाव पुराव्यानिशी माहीतच नाहीये. त्राहांच्या बाबतीत नशीब चांगलं. जहाजाच्या यादीत त्याच्या गटाचं गाव बुर्गेय लिहिलंय, आणि त्याचं लग्न सापडतं ते जवळच्याच शिनोंमध्ये. दोन्ही गावं ल्वार नदीच्या पट्ट्यातली, त्यामुळे धागा जुळतो.

त्याची दुसरी बायको मादलेन ब्रां, तिचा बाप्तिस्मा ला शोसे नावाच्या गावच्या रजिस्टरमध्ये आहे, २५ जानेवारी १६४५. आईवडील व्हँसां ब्रां आणि रने ब्रो. हे ला शोसे गाव प्रसिद्ध झालं ते झनव्हिएव्ह मासिन्यों या भाषा अभ्यासकामुळे. राझिली गेल्यावर वसाहत चालवणारा शार्ल द मनू द'ओने, त्याच्या घरच्या जहागिरी याच भागात होत्या, आणि इथल्या रजिस्टरात बरीच आडनावं अकेडियातल्यासारखी दिसतात, त्यावरून द'ओनेने आपल्याच कुळांना तिकडे नेलं असावं असं त्यांनी मांडलं. ब्रां कुटुंबाच्या बाबतीत ते नीट जुळतं, आईवडील आणि मुली सगळ्यांची नावं तिकडेही आणि इकडेही सापडतात. पण म्हणून प्रत्येक घराणं ला शोसेचंच असं धरून चालू नका. नुसतं आडनाव सारखं असणं हा पुरावा होत नाही. नवरा, बायको आणि एखादं मूल असा तिघांचा संच दोन्ही बाजूंना जुळला तर तो पुरावा.

७. १६७१ ची खानेसुमारी कोणी केली आणि तिच्यात काय मिळतं?

१६५४ ते १६७० अकेडिया इंग्रजांकडे होती. १६६७ च्या ब्रेडाच्या तहाने परत मिळाली, प्रत्यक्ष ताबा घ्यायला ग्रांफोंतेन नावाचा गव्हर्नर १६७० मध्ये आला, आणि मग लोक किती, जमीन किती, गुरं किती याची नोंद हवी झाली. ते काम फ्रान्सिस्कन पाद्री लोरां मोलां यांनी घरोघर फिरून केलं. नाव, धंदा, वय, बायकोचं माहेरचं नाव, मुलं आणि त्यांची वयं, गुरं, मेंढ्या, कसलेली जमीन, इतकं सगळं. बायकोचं माहेरचं नाव दिलंय हे केवढं मोठं काम झालंय, इंग्लिश वसाहतींचे त्या काळातले कागद बघितलेत तर कळेल.

मला ही खानेसुमारी फार आवडते कारण त्यात माणसं बोलतात. प्येर लानू नावाचा पिंपं बनवणारा, त्याने निरोप पाठवला की माझी तब्येत ठणठणीत आहे आणि मी वय सांगणार नाही. एत्येन रोबिशो घरातून निघूनच गेला आणि बायकोला सांगून गेला की गुरं-जमीन काही सांगू नकोस. शिंपी प्येर मेलांसोंने वय, गुरं, जमीन काहीच सांगितलं नाही आणि त्याच्या बायकोने तर पाद्रीबुवांनाच विचारलं, असल्या गोष्टींसाठी गल्लोगल्ली फिरायला तुम्हाला वेड लागलंय का. मोलांनी हे सगळं जसंच्या तसं लिहून ठेवलं. सोळा वर्षं दुसऱ्याच राजवटीखाली काढलेल्या लोकांना हा नवा साहेब कर बसवायला आलाय असं वाटलं असणार, हा माझा अंदाज. तर तुमच्या पूर्वजाच्या नावापुढे आकडे नसतील तर ते हरवलेत असं नाही, कदाचित त्याने दिलेच नाहीत.

मूळ प्रत फ्रान्सच्या सागरापारच्या वसाहतींच्या अभिलेखागारात, एक्स-आँ-प्रोव्हान्सला आहे, आणि कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारामार्फत ऑनलाइन बघता येते.

८. वयं जुळत नाहीत. खानेसुमारी चुकीची का?

वयं अंदाजे आहेत असं धरूनच चाला. त्राहांचंच बघा. १६७१ मध्ये वय साठ किंवा त्याच्या आसपास. म्हणजे जन्म १६११ च्या सुमारास. पण लग्न तर १६२७ मध्ये झालंय, मग नवरदेव सोळा वर्षांचा? त्या काळच्या फ्रेंच कारागिरात पुरुषाचं लग्न इतक्या लवकर सहसा होत नसे, आधी काम शिकायचं, मग पोटापाण्याला लागायचं, मग लग्न. म्हणून वंशावळकार त्याचा जन्म १६०१ च्या आसपास धरतात, म्हणजे १६७१ मध्ये तो साठचा नसून सत्तरच्या घरात होता.

आणि त्याच घरात मादलेनचं वय २५ लिहिलंय, बाप्तिस्मा १६४५ चा म्हणजे २६ झाली असणार, जवळजवळ बरोबर. एकाच चुलीवरच्या दोन माणसांत एकाचं वय दहा वर्षांनी चुकलेलं आणि दुसऱ्याचं बिनचूक. तरुण लोकांची आणि मुलांची वयं साधारण बरोबर असतात, म्हाताऱ्यांची गोल आकड्यात सांगितलेली असतात. जन्मसाल लिहिताना "सुमारे" हा शब्द कधी गाळू नका.

९. एकच मुलगी खानेसुमारीत दोन घरांत दिसते. दोन बहिणी का?

बहुतेक वेळा ती एकच असते. मोलांनी आईवडिलांच्या घरात लग्न झालेल्या लेकींची पण नावं लिहिलीत आणि नवऱ्याच्या घरात पुन्हा बायको म्हणून लिहिलीत. मादलेन ब्रां तशीच, व्हँसां ब्रांच्या मुलांमध्येही आहे आणि त्राहांची बायको म्हणूनही आहे. उलट ही दुहेरी नोंद म्हणजे आपल्यासाठी सोनं आहे, माहेर-सासर जोडणारा कागद आयता मिळतो. फक्त गावची लोकसंख्या मोजत असाल तर तेवढी बेरीज सांभाळा.

१०. जमीन इतकी थोडी कशी? एवढ्यात कुटुंब कसं जगायचं?

जमीन आर्पांमध्ये दिलेली असते, एक आर्पां म्हणजे एकराहून जरा कमीच, साधारण ०.८५ एकर. बऱ्याच घरांपुढे जेमतेम चार-पाच आर्पां दिसतात. पण ही जमीन साधी नव्हती.

फंडीच्या उपसागराला जगातली सगळ्यात मोठी भरती येते, काही ठिकाणी १६ मीटरपर्यंत. अकेडियन लोकांनी जंगल तोडायच्या ऐवजी किनाऱ्याची खाजणं बांध घालून समुद्राकडून सोडवून घेतली. आपल्या कोकणात खारबंदिस्तीला जशी उघाडी असते अगदी तसंच, बांधाच्या पोटात लाकडी पन्हाळ आणि त्यात एकाच बाजूला उघडणारं झाकण, ओहोटीला आतलं गोडं पाणी बाहेर जातं आणि भरतीचं पाणी दाबून झाकण आपोआप बंद होतं. याला ते लोक आबुआतो म्हणायचे. मग पावसाने आणि बर्फाने दोनतीन वर्षांत मीठ धुऊन जायचं आणि जमीन इतकी कसदार व्हायची की थोड्यात भागायचं, शिवाय बाहेरच्या खाजणात गुरांना चारा.

कुटुंबाचा माग काढायला याचा उपयोग असा की बांध एकट्याने घालता येत नाही. भाऊ, मेव्हणे, जावई मिळून घालायचे, म्हणून एका खाजणाकाठी राहणारी घरं बहुतेक नात्यातली असतात. खानेसुमारीत तुमच्या माणसाच्या वर-खाली कोण लिहिलंय ते वाचाच, सोयरिकी तिथे सापडतात.

११. १६५४ च्या शरणागतीत त्राहांचं नाव कसं काय आलं?

बोस्टनहून रॉबर्ट सेजविक फौज घेऊन आला आणि पोर्ट-रॉयलने शरणागती पत्करली, १६ ऑगस्ट १६५४. किल्ल्याचा प्रमुख जेर्मां दूसे, त्याचा दुय्यम जाक बुर्जवा, आणि गावकऱ्यांतर्फे त्राहां. गावकऱ्यांना घरदार, जमीन आणि आपला धर्म सांभाळून राहायची मुभा मिळाली, ज्यांना जायचं त्यांना फ्रान्सला जायची पण. त्राहां राहिला.

या एका कागदावरून कळतं की अठरा वर्षांपूर्वी कारागीर म्हणून आलेला माणूस आता गावाच्या वतीने सही करण्याइतका मोठा झालाय. नाव मात्र तिथे वेगळ्याच स्पेलिंगने आहे, त्रूएं सारखं काहीतरी वाचता येतं. म्हणून शोधताना स्पेलिंगला चिकटून बसू नका, उच्चार तोंडाने म्हणून बघा आणि त्याच्या जवळपासची सगळी रूपं टाकून बघा.

१२. पहिली बायको फ्रांस्वाज आणि तिच्या मुली कुठे गेल्या? त्राहांच्या ट्रीमध्ये त्या दिसतच नाहीत.

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण विचारणारे थोडेच.

फ्रांस्वाजचं १६३६ नंतर नाव नाही. १६७१ पर्यंत ती वारली होती हे दुसऱ्या लग्नावरून कळतं, मादलेनशी त्राहांचं लग्न १६६६ च्या सुमारास झालं असावं कारण थोरला मुलगा १६७१ मध्ये चार वर्षांचा आहे. तिची मुलगी जान, तिने जाक बुर्जवाशी लग्न केलं, १६४० च्या दशकात. हा बुर्जवा शल्यवैद्य होता, पुढे व्यापारी झाला आणि १६७० च्या दशकाच्या सुरुवातीला बोबासां नावाची नवी अकेडियन वसाहत त्याने उभी केली. जानला दहा मुलं झाली.

आता गणित बघा. त्राहां आडनाव पुढे नेणारे ग्वीयोम, जां-शार्ल आणि अलेक्झांद्र हे तिन्ही मुलगे दुसऱ्या बायकोचे. म्हणजे या वंशातली आज जगात कुठेही असलेली त्राहां आडनावाची माणसं मादलेन ब्रांची वंशज, फ्रांस्वाजची नाहीत. आणि फ्रांस्वाज, जी दोन लेकरं घेऊन समुद्र ओलांडून आली, तिचा वंश बुर्जवा आणि त्यांच्या सोयऱ्यांमध्ये आहे. नुसत्या आडनावामागे धावलात तर त्या पहिल्या बाईचं सगळं कुटुंबच हातातून निसटतं. म्हणून प्रत्येक पिढीत लेकींचे नवरे आणि त्यांची मुलं लिहाच, वेळ लागला तरी चालेल.

१३. जन्म-लग्नाच्या चर्च नोंदी कुठे मिळतील?

पोर्ट-रॉयलची रजिस्टरं १७०२ ते १७५५ ची शिल्लक आहेत, नोव्हा स्कोशियाच्या अभिलेखागाराने ती फुकट ऑनलाइन ठेवलीत, मूळ पानाचा फोटो पण दिसतो. ग्रां-प्रे या दुसऱ्या अकेडियन गावाची १७०७ ते १७४८ ची, मधे खाडे आहेत, ही रजिस्टरं निर्वासितांबरोबर प्रवास करत लुइझियानाला पोचली आणि आता बॅटन रूजच्या कॅथलिक धर्मप्रांताकडे आहेत. विचार करा, घर गेलं, गाव गेलं आणि लोकांनी रजिस्टर सोबत नेलं. बोबासांचा एक छोटा तुकडा १६७९ ते १६८६ चा आहे, तो सगळ्यात जुना, आणि नंतरचा १७१२ ते १७४८ चा.

पिसिगित या अकेडियन वस्तीच्या पॅरिशची (चर्चच्या विभागाची) रजिस्टरं मिळत नाहीत आणि त्राहांचे वंशज नेमके तिकडेच जास्त होते. तिथे मग खानेसुमाऱ्यांवर (१६८६, १६९३, १६९८, १७००, १७०१, १७०३, १७०७, १७१४) आणि हद्दपारीनंतरच्या कागदांवर भागवावं लागतं.

१४. त्राहां नक्की कधी वारला? एका साइटवर १६८४ आहे, एकीकडे १६८२.

तारीख नाही. पोर्ट-रॉयलला त्या वर्षांचं रजिस्टरच उरलेलं नाही (प्र. १३). आहे ते एवढंच, १६७१ मध्ये जिवंत, आणि १६८६ च्या खानेसुमारीत मादलेन दुसऱ्या नवऱ्याबरोबर, प्येर बेझिए त्याचं नाव. म्हणजे मधल्या काळात वारला. तुमच्या वहीत "१६७१ नंतर, १६८६ आधी" असंच लिहा.

१५. एकाच नावाचे तीन-तीन लोक सापडतात, कोण कुठला कसं ओळखायचं?

बापाचं नाव मुलाला, आजोबाचं नातवाला, तीच पाचसात नावं सगळीकडे. त्राहांच्या घरात ग्वीयोमचा मुलगा ग्वीयोम आहेच. ओळखायच्या खुणा म्हणजे बायकोचं माहेरचं नाव, गाव, बाप्तिस्म्याचे साक्षीदार (हे बहुतेक काका-मामा-आत्या असतात), आणि टोपणनाव. अकेडियन लोकांत आडनावाला जोडून टोपणनाव लावायची पद्धत होती, कधी गावावरून, कधी स्वभावावरून, आणि काही घराण्यांत तेच पुढे आडनाव झालं. तेव्हा एखाद्या कागदावर अनोळखी आडनाव दिसलं पण बायको आणि मुलं तीच असली तर घाईने तो माणूस बाजूला टाकू नका.

१६. आमच्या घरात मिकमॅक रक्त आहे असं सांगतात. कसं तपासायचं?

काही घराण्यांत नक्की आहे, काहींत नुसती ऐकीव गोष्ट आहे. सुरुवातीच्या वर्षांत फ्रेंच पुरुष आणि मिकमॅक बायका यांची लग्नं झाली, त्यातली काही कागदावर आहेत. पण "बायकोचं माहेर माहीत नाही म्हणजे ती मिकमॅक असणार" ही उडी बरेच लोक मारतात आणि ती चुकीची आहे.

इथे डीएनए कामाला येतं, पण सरळ आई-आईची-आई अशा किंवा बाप-बापाचा-बाप अशा रेषेनेच. राडगोंद लांबेर नावाची आद्य बाई, तिला लोक मूळनिवासी समजत होते, तिच्या सरळ स्त्री-वंशजांच्या तपासणीत युरोपियन डीएनए-गट निघाला. उलट पण झालंय. १६४१ च्या सुमारास जन्मलेला जेर्मां दूसे, किल्ल्याच्या प्रमुखाचं नाव आणि आडनाव लावणारा, त्याच्या सरळ पुरुष वंशजांत मूळनिवासी अमेरिकन गट सापडला. म्हणजे तो रक्ताने किल्लेदाराचा मुलगा नसावा, बहुधा घरात वाढवलेला असावा. कागद एवढं सांगूच शकला नसता.

टक्केवारी दाखवणाऱ्या साध्या टेस्टवर मात्र भरवसा ठेवू नका, दहाबारा पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा अंश त्यात दिसेलच असं नाही, आणि अकेडियन आपसात इतकी लग्नं करत की नात्याचे अंदाजही जवळचे दाखवतात.

१७. १७५५ नंतर कुटुंब एकदम गायबच होतं. पुढे कुठे शोधायचं?

१७१० मध्ये पोर्ट-रॉयल पडलं, १७१३ च्या तहाने मुलूख ब्रिटिशांचा झाला. लोक आपापल्या बांधांवर राहत होते, आम्ही कुणाच्याच बाजूने लढणार नाही म्हणत होते. १७५५ मध्ये लेफ्टनंट-गव्हर्नर लॉरेन्सच्या काळात त्यांना उचलायचं ठरलं. ५ सप्टेंबरला दुपारी तीन वाजता ग्रां-प्रेच्या चर्चमध्ये पुरुषांना आणि मुलग्यांना बोलावलं आणि कर्नल जॉन विन्स्लोने जमीन, गुरं सगळं जप्त झाल्याचं वाचून दाखवलं. नंतरच्या आठ वर्षांत दहा हजारांच्या आसपास लोक हाकलले गेले आणि आजार, जहाजं बुडणं, उपासमार यात हजारो मेले. हे लिहिताना दरवेळी हात जड होतो.

विन्स्लोच्या रोजनिशीत ग्रां-प्रेच्या पुरुषांची यादी आहे, मुलं किती, गुरं किती यासकट. तिथून पुढे तुमचं कुटुंब कुठल्या जहाजावर चढवलं यावर सगळं अवलंबून आहे. मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, कॅरोलायना, जॉर्जिया, सगळीकडे वाटून टाकले. व्हर्जिनियाला पाठवलेल्यांना तिथल्या लोकांनी ठेवूनच घेतलं नाही, १७५६ मध्ये इंग्लंडला रवाना केलं. लिव्हरपूल, साउथॅम्प्टन, ब्रिस्टल, फाल्मथच्या बाजूला ते सात वर्षं अडकून पडले, देवीच्या साथीत पुष्कळ गेले. १७६३ मध्ये उरलेल्यांना फ्रान्सला नेलं. यांच्यात त्राहां कुटुंबं बरीच होती, आणि १७६५ मध्ये ७८ कुटुंबांना फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताजवळच्या बेल-ईल बेटावर जमीन दिली त्यातही ते आहेत. मग १७८५ मध्ये सात जहाजांनी साधारण १६०० अकेडियन फ्रान्सहून लुइझियानाला गेले, त्या जहाजांच्या याद्या शिल्लक आहेत. तिथले केजन लोक बऱ्याच अंशी यांचे वंशज.

म्हणून शोधायचा क्रम असा, आधी शेवटचं गाव पक्कं करा, मग त्या गावची जहाजं कुठे गेली ते बघा, आणि एक नाव न शोधता आईवडील-मुलं असा पूर्ण संच शोधा. भावंडं वेगवेगळ्या बंदरांना उतरलेली असू शकतात.

१८. बेल-ईलच्या जबान्या कितपत खऱ्या मानायच्या?

१७६७ मध्ये बेल-ईलच्या अकेडियन लोकांनी शपथेवर आपापली वंशावळ सांगितली आणि ती लिहून घेतली गेली, कारण त्यांची रजिस्टरं हरवली होती. आजोबा-पणजोबांपर्यंत सगळं तोंडपाठ. नातवंड, भाचरं, कोण कुठे वारलं, कोण मेरीलँडला आहे, इतकं बारीक. सांगणाऱ्याने स्वतः बघितलेल्या पिढ्यांबाबत या जबान्या फार भरवशाच्या आहेत. सगळ्यात जुन्या पिढीबद्दल मात्र, म्हणजे "मूळ पुरुष फ्रान्सहून बायकोसह आला" अशी वाक्यं, जपून घ्या, १३० वर्षांपूर्वीचं ऐकलेलं आहे ते आणि काही ठिकाणी नावंही चुकलीत.

१९. फ्रेंच येत नाही. जमेल का?

जमेल. खानेसुमाऱ्यांची इंग्रजी भाषांतरं आहेत, पोर्ट-रॉयलच्या रजिस्टरची सूची इंग्रजीत आहे. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी ठरलेल्या साच्यात असतात, पंधरावीस शब्द ओळखीचे झाले की वाचता येतं.

२०. जहाजातून दोन मुलं आली, एक जान. मग दुसरं कोण?

यादीत नुसतं "दोन मुलं" आहे, नावं नाहीत. दुसरं मूल नावानिशी कुठल्याच कागदात येत नाही. पण एक धागा आहे. १६५४ च्या करारात (प्र. ११) जाक बुर्जवाला जेर्मां दूसेचा मेव्हणा म्हटलंय. आता हे नातं कसं जुळेल? एक शक्यता, दूसेची दुसरी बायको ही जानची बहीण, म्हणजे त्राहांची दुसरी मुलगी, तर दोघे साडू झाले, फ्रेंचमध्ये साडूलाही तोच शब्द. दुसरी शक्यता, दूसेने बुर्जवाच्या बहिणीशी लग्न केलं. दोन्ही जुळतात आणि निकाल लावणारा कागद नाही. काही ऑनलाइन ट्रीमध्ये या मुलीला थेट नाव आणि जन्मतारीख देऊन टाकलीय, ती घेऊ नका. दोन्ही शक्यता नोट्समध्ये लिहा, रेषा जोडू नका. आणि दूसे आडनावाचे जे लोक यावरून त्राहांपर्यंत पोचायला बघतात त्यांनी आधी प्र. १६ वाचा, कारण ज्या धाकट्या जेर्मांपासून ते निघतात त्याच्या जन्मापाशीच रेषा अडते.